सोंग आणि सुई

वेष पालटण्याची हौस मनुष्यास उपजतच असते. लहान मूल आजोबांचा चष्मा नाकावर ठेवून काठी टेकीत चालूं लागतें, त्या वेळीं त्यास कोणी नाट्यशास्त्र शिकविलेलें नसतें. आमच्या कोंकणांतील दशावतारी मंडळी आपला पेटारा घेऊन गांवोगांव जातात, देवळाच्या आवारांत स्वतःच्या हातांनीं तोंडास रंग लावतात, आणि दिवसा शेतांत राबणारा गडी मध्यरात्रीं राजा होऊन उभा राहतो. तेव्हां युरोप-अमेरिकेंतील शिकलेलीं, नोकरीधंदा करणारीं माणसें सुटीच्या दिवसांत रानांत तंबू ठोकून सरदार, जादूगार, यक्ष आणि चोर बनतात हें ऐकून मराठी वाचकानें फारसें चकित होऊं नये. विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. जे कपडे घालून हीं सोंगें आणावयाचीं ते कपडे यावे कोठून? दुकानांतून, कीं आपल्या हातांतून? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक आहे; पण त्याच्याशीं पुष्कळ गोष्टी टांचलेल्या आहेत, आणि त्याविषयीं माझें मत विद्यार्थिमित्रांपुढें स्पष्टपणें मांडावें असें मी योजिलें आहे.

या खेळास इंग्रजींत ‘लाइव्ह अ‍ॅक्शन रोल-प्ले’ म्हणतात. आद्याक्षरें जुळवून ‘लार्प’ असें आटोपशीर नांव रूढ झालें आहे. नाटकांत नटास भाषणें पाठ असतात आणि समोर प्रेक्षक बसलेले असतात. येथें पाठांतरहि नाहीं आणि प्रेक्षकहि नाहींत. खेळाचे चालक एक काल्पनिक देश, त्यांतील राज्यें, वैरें व संकटें ठरवून देतात. खेळाडूनें आपलें पात्र निवडावयाचें आणि दोन-तीन दिवस, कोठें कोठें त्याहूनहि अधिक, त्या पात्राप्रमाणें बोलावयाचें, जेवावयाचें, भांडावयाचें आणि तह करावयाचा. लढायाहि होतात, पण तलवारी मऊ फोमच्या असून त्यांवर रबराचा लेप असतो, आणि घाव जपून घालावा असा दंडक असतो. अशा खेळांचे प्रकार पुष्कळ आहेत. मला येथें मध्ययुगीन थाटाच्या अद्भुतरम्य खेळांविषयींच लिहावयाचें आहे.

त्यांचा इतिहास फार जुना नाहीं. टॉल्किन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ सालीं तीन भागांत बाहेर पडली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोंवतीं बसून, फांसे टाकून खेळावयाचा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत निघाला. टेबलावरून उठून रानांत जाण्यास फार वेळ लागला नाहीं. १९७७ सालीं वॉशिंग्टन शहराच्या परिसरांत ‘डॅगोरहिर’ नांवाचा मऊ शस्त्रांचा युद्धखेळ सुरू झाला. १९८२ सालीं इंग्लंडांत चेशायर परगण्यांतील पेकफर्टन किल्ल्यांत ‘ट्रेझर ट्रॅप’ हा खेळ सुरू झाला. गंमत अशी कीं तो किल्लाहि मध्ययुगांतला नव्हे. एकोणिसाव्या शतकांत एका धनिक जमीनदारानें तो जुन्या धर्तीवर बांधवून घेतला होता. म्हणजे पात्रें सोंगाचीं आणि किल्लाहि सोंगाचा! जर्मनींत ‘ड्राखेनफेस्ट’ २००१ सालापासून आणि ब्रोकेलो या लहानशा खेड्याजवळचा ‘कॉनक्वेस्ट’ २००४ सालापासून भरूं लागला, व तेथें हजारों खेळाडू जमत आले आहेत.

आमच्या शाळेंतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी जर्मनींत यंत्रशास्त्र शिकावयास गेला आहे. त्यास त्याच्या सहाध्यायांनीं अशाच एका लहान मेळाव्याचें निमंत्रण दिलें. त्यानें मला लिहिलें, “सर, तयार पोशाख विकत मिळतो, पण त्यास माझा महिन्याच्या जेवणाचा खर्च लागेल. मित्र म्हणतात, स्वतः शीव. मला तर तुटलेली गुंडीहि लावतां येत नाहीं.” हा मुलगा गणितांत सदैव पहिला. काटकोन त्रिकोणाचा कर्ण तो झोपेंत काढून दाखवील. पण कापडाचा त्रिकोण आयतास कसा जोडावा हें त्यास कोणीं कधीं शिकविलेलें नव्हतें. शिवणाचा तास मुलींकरितां आणि त्याच वेळीं मुलांस मैदान, अशी वांटणी आमच्याकडील पुष्कळ शाळांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली. सुई ही एकतर बायकांची किंवा मग शिंप्याची, सभ्य घरच्या मुलानें ती हातांत धरूं नये, असा समज त्या वांटणीच्या पोटीं आहे. ज्या महाराष्ट्रांत नामदेवासारखा शिंप्याच्या कुळांत जन्मलेला संत घरोघर गाइला जातो, तेथें हा समज टिकावा याचें मला नवल वाटतें.

आणि मौज पाहा! ज्या मध्ययुगाचें सोंग घ्यावयाचें त्या मध्ययुगांत सुई ही पुरुषाची लाज नव्हती. लंडन शहरांतील शिंप्यांच्या श्रेणीस राजाची सनद १३२७ सालीं मिळाली, आणि पुढें ती त्या शहरांतील अत्यंत प्रतिष्ठित श्रेणींपैकीं एक होऊन बसली. पुढील काळांतहि खलाशी आपलीं शिडें व सदरे स्वतः शिवीत. इंग्रज शिपायाच्या सामानांत सुईदोऱ्याची एक लहान पिशवी असे, तिला थट्टेनें ‘हाउसवाइफ’ म्हणजे गृहिणी असेंच नांव पडलें होतें. तेव्हां जो तरुण वीर होण्याची हौस धरतो पण टांका घालण्यास लाजतो, त्याचें वीरत्व पहिल्या दिवशींच उसवतें.

माझें मत असें आहे कीं या खेळांतला पहिला पोशाख खेळाडूनें स्वतः बेतावा व स्वतः शिवावा. आणि तो राजाचा शिवूं नये. या दोन्ही गोष्टींचीं कारणें सांगतों.

विकतच्या पोशाखांत एक दोष असा असतो कीं तो कोणाचाहि नसतो. ‘लहान, मध्यम, मोठा’ एवढीच त्याची वंशावळ. छातीवर नाड्या दिसतात, पण त्या सोडतां येत नाहींत, कारण त्या नुसत्या चिकटविलेल्या असतात. कमरेस पिशवी असते, पण तिच्यांत रुपया मावत नाहीं. असा झगा घालून जो खेळावयास जातो त्यास आपण कोण आहों हें वारंवार आठवावें लागतें. उलट ज्यानें आपला अंगरखा स्वतः बेतला त्यास कापडावर कात्री ठेवण्यापूर्वींच पन्नास प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात. हा मनुष्य कोठला? तेथें पाऊस किती, थंडी किती? तो चालतो, घोड्यावर बसतो, कीं बसून लिहितो? लिहीत असला तर त्याच्या बाह्या शाईंत बुडूं नयेत. घोड्यावर बसत असला तर झग्यास पुढें-मागें चीर हवी. त्याचे कपडे कोण धुतो? फाटले तर कोण शिवतो? तें ठिगळ त्याच रंगाचें आहे कीं मिळेल त्या रंगाचें? हीं उत्तरें देतां देतां पात्राचा जन्म होतो. पुष्कळ खेळाडू आधीं पात्राचें चरित्र दहा पानें लिहून काढतात आणि मग त्यास साजेसा झगा दुकानांत शोधतात. मला हा क्रम उफराटा वाटतो. कोपरावर एक ठिगळ लावलें कीं त्या मनुष्याच्या घरची स्थिति समोरच्यास कळते, आणि तीं दहा पानें कोणास वाचून दाखवावीं लागत नाहींत.

आतां राजाविषयीं. अद्भुत कथेंत शिरावयाचें म्हटलें कीं प्रत्येकास राजपुत्र व्हावयाचें असतें, निदान राज्य गमावलेला राजपुत्र तरी. पण आपल्याकडे म्हण आहे, सगळीं सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं. ती येथें अक्षरशः लागू पडते. मध्ययुगीन राजाचा थाट मखमल, जरीचें रेशीम, दुर्मिळ केसाळ कातडीं आणि भोंवतीं वावरणारे वीस सेवक यांवर उभा होता. चकाकणाऱ्या कृत्रिम मखमलीचा झगा आणि पुठ्ठ्याचा मुकुट घालून एकटाच फिरणारा राजा हा गॅदरिंगच्या भाड्याच्या ड्रेपरींतून निसटलेला दिसतो. परंतु वाटसरू, मेंढपाळ, पत्र पोंचविणारा जासूद, वैदू, भाडोत्री शिपाई यांचा जाडाभरडा लोकरी अंगरखा त्या काळीं जसा होता तसाच आजहि शिवतां येतो. तो खऱ्याची नक्कल नसतो, तो खराच असतो. जुन्या कांबळ्याचा अंगरखा अंगांत घालून शेकोटीशीं बसलेला नवखा मेंढपाळ पाहून कोणी हंसत नाहीं. शिवाय राजाला खेळांत काम तरी काय असतें? तो बसून असतो. निरोप घेऊन रात्रीच्या अंधारांतून धांवतो तो जासूद.

कोणी म्हणेल, हें सर्व ठीक; पण जुने कपडे कसे बेतीत हें आज कळावें कसें? सुदैवानें तें चांगलें कळतें. ग्रीनलंड बेटाच्या दक्षिणेस हेर्योल्फ्सनेस नांवाच्या ठिकाणीं नॉर्स लोकांची जुनी वसाहत होती. पंधराव्या शतकांत ती नाहींशी झाली. तेथल्या दफनभूमींत १९२१ सालीं पोल नॉरलंड या डॅनिश संशोधकानें खोदकाम केलें. लांकूड दुर्मिळ असल्यामुळें पुष्कळांस पेटीवांचून, जुन्या कपड्यांत गुंडाळून पुरलें होतें, आणि गोठलेल्या जमिनींत तें लोकरी कापड टिकून राहिलें होतें. झगे, टोप, मोजे, लहान मुलांचे कपडेहि सांपडले. कांहीं झिजलेले, कांहीं ठिगळें लावलेले. ते कोपनहेगन येथील राष्ट्रीय संग्रहालयांत आहेत. पुढें १९३६ सालीं स्वीडनमधील बोक्स्टेन येथें दलदलींत चौदाव्या शतकांतील एका मनुष्याचे अवशेष अंगावरच्या संपूर्ण पोशाखासह मिळाले: अंगरखा, आंगोपरचें कांबळें, मांडीपर्यंतचे मोजे आणि मागें लांब शेपूट असलेला टोप. तो बिचारा मारला गेला होता; त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं; पण त्याचा अंगरखा कसा कापला होता हें आज शेंकडों हौशी लोकांस पाठ आहे.

या सर्व कपड्यांत मला ज्या गोष्टीचा विशेष आनंद झाला ती सांगतों. त्यांची बेतणी बव्हंशीं आयत व त्रिकोण यांची आहे. हातमागाचें कापड अरुंद आणि मोलाचें, म्हणून कात्रण वांयां जाऊं नये अशी काळजी. अंगाकरितां सरळ पट, आणि खालीं घेर यावा म्हणून मध्यें त्रिकोणी तुकडे. हे त्रिकोणी तुकडे म्हणजे आमच्या कळ्याच! आमच्याकडील जुना कळीदार अंगरखा किंवा कुडता ज्यानें उलटून पाहिला असेल त्यास बोक्स्टेनचा अंगरखा परका वाटणार नाहीं. बगलेखालीं बसविलेला लहान चौकोनी तुकडाहि दोन्हीकडच्या जुन्या शिवणींत आढळतो, आणि युद्धखेळांत त्या चौकोनाचें महत्त्व फार मोठें आहे. तो नसला तर तलवारीचा हात वर उचलतांच सगळा अंगरखा वर चढतो. कोणीं कोणाचें पाहून केलें, या वादांत मी पडत नाहीं. मागावरचें कापड आणि माणसाचा हात दोन्हीकडे सारखेच, तेव्हां उत्तरहि सारखें निघालें असावें.

आमच्या विद्यार्थ्यास मीं जें लिहून पाठविलें त्याचा सारांश येथें देतों. कोणास उपयोगीं पडेल. दीड मीटर पन्ह्याचें अडीच मीटर कापड मध्यम बांध्याच्या मनुष्याच्या गुडघ्यापर्यंतच्या अंगरख्यास पुरतें. तें कापण्यापूर्वीं धुवून वाळवावें, कारण लोकर व सूत दोन्ही आटतात आणि शिवल्यावर आटलेला अंगरखा धाकट्या भावास द्यावा लागतो. छाती ९६ सेंटिमीटर असेल तर तिचें अर्ध ४८, त्यांत सैलपणाकरितां ६ आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीकरितां ३ मिळवून ५७ सेंटिमीटर रुंदीचे दोन पट कापावे, एक पुढचा व एक मागचा. २५ सेंटिमीटर रुंद व ६० सेंटिमीटर लांब असे चार आयत कापून प्रत्येक आयत कर्णावर कापला कीं दोन काटकोन त्रिकोण मिळतात. त्यांच्या लांब सरळ बाजू एकमेकींस जोडल्या कीं एक कळी होते. अशा चार कळ्या: दोन बाजूंच्या शिवणींत कमरेपासून खालीं, एक पुढच्या पटाच्या मध्यभागीं चीर पाडून तींत, एक मागच्या. बगलेकरितां १२ सेंटिमीटरचे दोन चौकोन. बाह्या साध्या, मनगटाकडे थोड्या निमुळत्या.

यांत दोन ठिकाणीं नवखा हमखास फसतो. पहिलें ठिकाण गळ्याचें. डोकें जावें म्हणून तो मोठें भोंक कापतो, आणि मग अंगरखा खांद्यावरून घसरतो. गळा नेहमीं लहान कापावा, पुढें वीतभर चीर द्यावी, आंतून पट्टी लावावी. लहान गळा मोठा करतां येतो, मोठा गळा लहान करतां येत नाहीं. दुसरें ठिकाण मधल्या कळीच्या टोंकाचें. तेथें कापड गोळा होऊन चुणी पडते. यंत्र बाजूस ठेवून तें टोंक हातानें शिवावें, आणि शिवण टोंकापासून आरंभ करून एका बाजूस खालीं न्यावी, मग पुनः टोंकापासून दुसऱ्या बाजूस. आणि चांगल्या कापडास हात लावण्यापूर्वीं हा सर्व प्रयोग एका जुन्या चादरीवर करून पाहावा. चादर बिघडली तर फक्त चादर बिघडते. आमच्या विद्यार्थ्यानें तीन चादरी बिघडविल्या. चौथ्या खेपेस त्यानें लोकरी कापड कापलें, आणि आंतल्या शिवणींचें छायाचित्र मला पाठविलें. बाहेरच्या बाजूचें पाठविण्याचें त्यास सुचलेंहि नाहीं. तो अंगरखा बरोबर जमला असणार हें मला तेवढ्यावरूनच कळलें.

यंत्र वापरावें कीं हातानेंच शिवावें, या प्रश्नावर पुष्कळ काथ्याकूट होतो. जी शिवण लांब व आंतली ती यंत्रावर खुशाल मारावी; गळा, बाह्यांचीं टोंकें, खालचा कांठ असा जो भाग लोकांच्या नजरेस पडतो तेथें हातशिलाई करावी. याहून अधिक शास्त्र मला या बाबतींत दिसत नाहीं.

कापडाच्या निवडीविषयीं मात्र मी इतका उदार नाहीं. लोकर आणि लिनन, म्हणजे जवसाच्या जातीच्या झाडाच्या वाखाचें कापड, हीं दोन मध्ययुगीन युरोपचीं रोजचीं कापडें. लिनन अंगाशीं, लोकर वरून. लोकर भिजली तरी ऊब देते, आणि विस्तवाची ठिणगी पडली तर ती सहसा पेट घेत नाहीं, काळी पडून विझते. पॉलिएस्टर मात्र वितळतें आणि कातडीस चिकटतें. ज्या खेळांत रात्रीं शेकोट्या पेटतात, मेणबत्त्यांचे कंदील हातोहात फिरतात आणि लांब बाह्यांचीं माणसें अंधारांत पळतात, तेथें हा फरक शोभेचा नाहीं, जिवाचा आहे. चकचकीत स्वस्त झग्यास माझा मोठा आक्षेप हाच.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. ‘स्वतः शिवलेलें स्वस्त पडतें’ असें जें सर्रास म्हटलें जातें तें सरसकट खरें नाहीं. कोरी चांगली लोकर विकत घेतली तर तिची किंमत कित्येकदां तयार झग्याहून अधिक होते. स्वस्त पडतें तें जुन्यांतून नवें काढलें तर. युरोपांत धर्मादाय दुकानांतून जुनीं लोकरी कांबळीं, लिननच्या चादरी व पडदे थोड्या पैशांत मिळतात; अनुभवी खेळाडू तेथेंच आधीं जातात. पांढरी चादर मंजिष्ठाच्या मुळीनें, तुरटीचें पाणी आधीं देऊन, तांबूस रंगवितां येते; मंजिष्ठाचीच एक जात युरोपांतहि शतकानुशतकें वापरांत होती. हाताशीं आलेल्या कापडावरून पात्र ठरविणें हा मार्ग मला तर अधिकच पसंत आहे. करडें कांबळें मिळालें? मग मेंढपाळ व्हा.

अद्भुत खेळांत माणसांखेरीज यक्ष, राक्षस व भुतेंहि असतात, तेथें इतिहासाचें बंधन कशाला, असें विचारतां येईल. बंधन इतिहासाचें नाहीं, तर्काचें आहे. राक्षस दलदलींत राहत असेल तर त्याची लुंगी पांढरीशुभ्र नसावी. आपल्या पथकास ढालीचें चिन्ह निवडावयाचें असेल तर युरोपांतील जुना नियम आजहि उपयोगी आहे: पिवळा व पांढरा हे ‘धातु’, तांबडा, निळा, काळा, हिरवा हे ‘रंग’, रंगावर धातु ठेवावा, रंगावर रंग नको. कारण सरळ आहे. काळ्यावरचें निळें दुरून दिसत नाहीं. चिलखताविषयींहि युक्ति चालते. १९७५ सालच्या ‘माँटी पायथन अँड द होली ग्रेल’ या विनोदी चित्रपटांत वीरांचीं कड्यांचीं चिलखतें जाड दोऱ्यानें विणून वर रुपेरी रंग दिलेलीं होतीं. टॉल्किनच्या कथेवरचे चित्रपट २००१ ते २००३ या काळांत निघाले, त्यांत प्लॅस्टिकच्या नळीच्या चकत्या एकींत एक गुंफल्या होत्या. लोखंडी कड्यांचें चिलखत अंगावर दहा-बारा किलो भार टाकतें. पहिल्याच वर्षीं तें घालून पळण्याचा हट्ट धरूं नये.

या मतास विरोध दोन बाजूंनीं होतो. एक बाजू म्हणते, हा पोरखेळ आहे, त्यासाठीं रात्री कशाला घालवाव्या? यांस मी एवढेंच विचारतों कीं, त्याच रात्री आपण कशांत घालवितां? ज्यास टीप घालतां आली, काज करतां आलें, फाटलेल्या बाहीस रफू करतां आला, त्याच्या हातांत खेळ संपल्यावरहि कांहीं उरतें. परगांवीं एकटा राहणाऱ्या तरुणास तर तें फारच उपयोगी पडतें.

दुसरी बाजू अधिक विद्वान् आहे आणि मला तिची भीति अधिक वाटते. इंग्रजी बोलणाऱ्या हौशी मंडळांत यांना ‘टांके मोजणारे’ असेंच नांव पडलें आहे. नवखा मनुष्य भीतभीत येतो. त्याच्या अंगरख्याची शिवण यंत्राची आहे, रंग त्या शतकांतला नाहीं, गुंडी चुकीच्या धातूची आहे, हें ते चारचौघांत सांगतात. तो पुनः येत नाहीं. ज्ञान खरें असतें, पण त्याचा उपयोग दार लावून घेण्याकडे होतो. आणि त्या दाराबाहेर कोण उभा राहतो? ज्याच्यापाशीं पैसा कमी, वेळ कमी, शिकविणारें कोणी नाहीं तोच. खेळ श्रीमंतांचा होण्यास दुकानदार जितका कारण, तितकाच हा विद्वान् कारण आहे. याहून शहाणपणाचा नियम एका जुन्या संस्थेनें घालून दिला आहे. ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ ही संस्था १९६६ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें एका घराच्या मागील अंगणांत भरलेल्या समारंभांतून जन्मली. तिचा भर अद्भुतापेक्षां इतिहासावर अधिक. तरीहि तिचा नियम असा कीं, येणारानें सतराव्या शतकापूर्वींच्या पोशाखाचा ‘प्रयत्न’ केलेला असावा. शब्द प्रयत्न असा आहे, यश असा नाहीं. शिवाय नवख्यास उसने कपडे देण्याची तेथें व्यवस्था आहे. तिला ‘गोल्ड की’ म्हणतात. जुन्या खेळाडूंनीं आपले पहिले, ओबडधोबड अंगरखे त्या पेटींत टाकावे. पुढें येणाऱ्या मुलास परिपूर्ण झग्यापेक्षां ते वांकडे टांकेच अधिक धीर देतील, कारण असा अंगरखा आपणहि शिवूं शकूं असें त्यास वाटेल.

ज्यांस आरंभ करावयाचा आहे त्यांनीं एक हिशेब ध्यानांत ठेवावा. युरोपांतील मोठे मेळावे बहुधा उन्हाळ्यांत भरतात. तेव्हां कापड हिवाळ्यांतच मिळवावें, आणि आधीं टोप शिवावा. आमच्याकडे तान्ह्या मुलास कुंची घालतात तिच्याच जातीचा तो असतो. चार तुकडे, दोन संध्याकाळ, आणि चुकला तरी कापड थोडें जातें. मग अंगरखा. तो शिवून झाला कीं लगेच खालचा कांठ दुमडूं नये. कळ्यांच्या तिरक्या बाजू आपल्याच वजनानें ताणल्या जातात, आणि घाईनें दुमडलेला कांठ दुसऱ्या दिवशीं चार ठिकाणीं चार उंचीवर लोंबतो. अंगरखा खुंटीवर एक रात्र, लोकर जड असेल तर दोन रात्री, टांगून ठेवावा. मग अंगांत घालून ताठ उभें राहावें, दुसऱ्या कोणाकडून जमिनीपासून सारख्या उंचीवर खडूनें खूण करून घ्यावी, आणि मग कात्री लावावी.